यादी समीक्षकांची, पण त्याआधी प्रिंटची

तुझा प्रश्न थोडक्यात असा. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने दर दहा वर्षांनी घेतात तसा २०२२ मध्ये जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला आणि आजवरच्या सर्वश्रेष्ठ सिनेमांची यादी काढली. पहिला आला शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ सालचा 'जान डिलमान'. लांबी तीन तास एकवीस मिनिटं, आणि त्यात एक बाई बटाटे सोलते. तुझा दादा म्हणतो, हे सगळं राजकारण आहे, ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' या अमेरिकन सिनेमाला मुद्दाम खाली ओढलंय. तू म्हणतेस, एवढे जाणकार एकमताने चुकतील कसे? आणि शंभरांत मराठी सिनेमा एकही नाही, हे मात्र दोघांनाही सारखंच लागलंय. तेव्हा ही यादी मानायची की नाही?

मी कोल्हापुरात फिल्म सोसायटीचं काम तीसेक वर्षं करतोय. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून पत्र्याच्या डब्यात येणारी सोळा एमएमची रिळं उतरवून घेण्यापासून सुरुवात केली, आता रसास्वाद शिबिरं घेतो. या याद्यांवरून मी मित्रांशी अबोला धरलाय आणि पुन्हा चहाला एकत्र बसलोय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तुझा 'एकमताने' हा शब्द काढून टाकू. २०१२ मध्ये याच कौलात हिचकॉकचा 'व्हर्टिगो' पहिला आला, पन्नास वर्षं पहिल्या जागेवर असलेला 'केन' दुसरा गेला. तेव्हा जगभर मथळे झाले. त्या कौलात मतदार होते ८४६, 'व्हर्टिगो'ला मतं पडली १९१, 'केन'ला १५७. म्हणजे ज्याला जगातला सर्वश्रेष्ठ सिनेमा म्हणून मिरवलं गेलं, त्याचं नाव शंभरातल्या सत्त्याहत्तर जाणकारांनी आपल्या कागदावर लिहिलंच नव्हतं. दहाव्या क्रमांकाच्या सिनेमाला तर ६४ मतं होती. खाली पन्नास-साठच्या पुढे गेलीस की एकेका जागेवर तीन-तीन, चार-चार सिनेमे बरोबरीत बसलेले दिसतील. तिथे दोन मतं इकडची तिकडे झाली की दहा पायऱ्या वर किंवा खाली. मग चौऱ्याण्णवावा की अठ्ठ्याऐंशीवा यावरून भांडण्यात काय अर्थ आहे?

मोजणीची रीत समजली की हे आपोआप कळतं. प्रत्येक मतदार दहा सिनेमांची नावं देतो. त्यांत क्रम नसतो, दहाही नावांना एकेक मत. 'सर्वश्रेष्ठ' म्हणजे काय, हेही ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी इतिहासाला वळण देणारा सिनेमा लिहितो, कुणी स्वतःला वेड लावणारा. आता हे आपल्याकडच्या भाषेत मांडून बघ. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग, प्रत्येक तालमीच्या वस्तादाला सांग की आजवरच्या दहा मल्लांची नावं दे, क्रम नको. सगळे कागद गोळा करून बेरीज केलीस तर वर कोण येईल? ज्याचं नाव सगळ्या तालमींत पोचलंय तो. सगळ्यांत ताकदीचा तोच असेल असं नाही. एखाद्या वस्तादाला मनापासून वाटेल की आमच्या तालमीतल्या अमक्यासारखा मल्ल झाला नाही, पण तो पैलवान बाहेरच्यांनी कधी बघितलेलाच नसेल तर त्याच्या नावापुढे एकच मत राहणार. खासबाग मैदानात निकाली कुस्ती होते, पाठ टेकली की विषय संपतो. सिनेमाची पाठ टेकवणारं काही नसतं. त्यामुळे यादी निकाल सांगत नाही, कुणाचं नाव कुठवर पोचलं एवढंच सांगते.

नियम बदलला तरी निकाल बदलतो. २००२ मध्ये 'गॉडफादर'चे पहिले दोन भाग एकत्र धरले आणि ते चौथे आले. २०१२ मध्ये दोन भागांची मतं वेगळी मोजली, दोन्ही पहिल्या दहांतून बाहेर. त्या दहा वर्षांत त्या सिनेमांची एक फ्रेमही बदलली नव्हती. ज्या दिग्दर्शकाचे पाच-सहा सिनेमे तोलामोलाचे, त्याचीही अशीच कुचंबणा होते. सत्यजित राय यांच्या चाहत्यांत कुणी 'पथेर पांचाली' लिहितो, कुणी 'अपराजितो', कुणी 'चारुलता'. मतं वाटली जातात. २०२२ च्या पहिल्या शंभरात भारतातला एकच सिनेमा आहे, ३५ व्या क्रमांकावर 'पथेर पांचाली'. १९९२ मध्ये तोच सहाव्या जागेवर बरोबरीत होता. त्या वर्षी मार्चमध्ये राय यांना मानद ऑस्कर मिळालं आणि एप्रिलमध्ये ते गेले. सगळ्या जगात त्यांच्यावर लिहिलं जात होतं, त्यांचे सिनेमे पुन्हा दाखवले जात होते. आठवणीत जे ताजं असतं ते कागदावर आधी उतरतं, त्यात कुणाची लबाडी नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. समीक्षक मत देतात त्याच्या कितीतरी आधी प्रिंटने, म्हणजे सिनेमाच्या प्रतीने, मत दिलेलं असतं. कुठला सिनेमा टिकला, कुठल्या देशात कोणत्या साली पोचला, किती स्वच्छ दिसला, त्याची सबटायटल्स वाचता आली का, यावर अर्धी यादी ठरते. समीक्षकाची अभिरुची नंतर येते.

हा कौल पहिल्यांदा १९५२ मध्ये घेतला तेव्हा ६३ जणांनी मतं दिली आणि पहिला आला चार वर्षांपूर्वीचा इटालियन 'बायसिकल थीव्ह्ज', २५ मतांनी. म्हणजे पन्नास-शंभर वर्षं पारखून घेऊनच श्रेष्ठत्व द्यावं असला सोवळेपणा त्या पिढीने केला नव्हता. १९४१ चा 'केन' त्या वेळी पहिल्या दहांत नव्हता! मग १९५६ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा थिएटरांत लागला, टीव्हीवर आला, नवी पिढी त्यावर वाढली, आणि १९६२ मध्ये तो जो पहिल्या जागेवर बसला तो पाच कौल तिथेच राहिला. दादाला सांग, 'केन'ही असाच वर आला होता. वरून कुणी त्याला राज्याभिषेक केला नव्हता.

'व्हर्टिगो'ची गोष्ट थोडी उलटी आहे. हिचकॉकने आपल्या पाच सिनेमांचे हक्क स्वतःकडे ठेवले होते आणि सत्तरच्या दशकापासून ते प्रदर्शनातून काढून घेतले होते. १९८२ मध्ये 'व्हर्टिगो' पहिल्यांदा पहिल्या दहांत आला तो बघायला मिळत नसताना. लोक आठवणीवर मत देत होते, आणि दुर्मीळ गोष्टीला आठवणीत चकाकी येते. पण त्यानंतर दोन वर्षांच्या आतच तो पुन्हा थिएटरांत आला, १९९२ मध्ये चौथा झाला, १९९६ मध्ये त्याचं पुनरुज्जीवन झालं, मग दुसरा, पहिला अशी चढण. ती चढण प्रिंटच्या जोरावर झाली.

जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' १९५३ चा. लंडनच्या महोत्सवात १९५८ मध्ये त्याला पुरस्कार मिळाला, पण अमेरिकेत तो रीतसर लागला १९७२ मध्ये, आणि या यादीच्या पहिल्या दहांत यायला १९९२ साल उजाडलं. आला तो थेट तिसरा. एकोणचाळीस वर्षं तो सिनेमा होता तसाच होता.

या सिनेमाचं माझं स्वतःचं एक दुखणं आहे. आमच्याकडे त्याची सोळा एमएमची प्रिंट आली होती, कुठून ते सांगत नाही. काळा-पांढरा सिनेमा, पांढरी सबटायटल्स. सिनेमा उन्हाळ्यातला, घरोघरी माणसं पांढऱ्या सदऱ्यांत पंख्याने वारा घेत बसलेली, आणि प्रिंट इतकी फिकी झालेली की पांढऱ्या कपड्यांवर पांढरी अक्षरं विरघळून जायची. प्रोजेक्टरशेजारी उभा राहून मी डोळे ताणत होतो. शेवटाकडे सिनेमातल्या म्हाताऱ्या जोडप्याची धाकटी मुलगी आणि विधवा सून नोरिको यांचं बोलणं आहे. दोघींच्या अंगात पांढरे ब्लाउज. मुलगी काहीतरी विचारते, नोरिको हसून काहीतरी उत्तर देते. काय, ते कळलं नाही. खेळ संपल्यावर मी सदस्यांना सांगितलं, सिनेमा चांगला आहे पण एवढं डोक्यावर घेण्यासारखं काही नाही. पुढची कितीतरी वर्षं माझ्या दहांत 'टोकियो स्टोरी' नव्हता, आणि शिबिरात मुलांनाही मी तसंच सांगत राहिलो.

मग एकदा स्वच्छ डीव्हीडी हाती आली. मुलगी विचारते, आयुष्य निराश करणारंच असतं, नाही का? आणि नोरिको चेहऱ्यावरचं हसू जराही न ढळू देता म्हणते, हो, असतं. अख्खा सिनेमा त्या एका 'हो'वर उभा आहे. नोरिकोचं ते हसू मी आधी पाहिलं होतं, त्याचा अर्थ मला त्या पांढऱ्या ब्लाउजने दिला नव्हता. त्या वर्षांत मला कुणी मत विचारलं असतं तर मी पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं मत दिलं असतं. जगभरच्या यादीत अशी किती मतं असतील याचा विचार कर. 'द रूल्स ऑफ द गेम' हा फ्रेंच दिग्दर्शक झां रन्वारचा १९३९ चा सिनेमा १९५२ ते २०१२ सलग प्रत्येक कौलात पहिल्या दहांत होता. २०२२ मध्ये तेरावा झाला. प्रदर्शनानंतर त्याची काटछाट झाली होती, जुळवून पुन्हा पूर्ण केलेली प्रत आली १९५९ मध्ये. म्हणजे १९५२ च्या मतदारांनी मत दिलं ते कापलेल्या सिनेमाला. तरी दिलं, हे रन्वारचं मोठेपण.

आता दादाचं राजकारण. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, त्यात तथ्य आहे. पॉल श्रेडरसारख्या जाणत्या अमेरिकन दिग्दर्शकानेही 'जान डिलमान'च्या उडीवर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. २०१२ मध्ये छत्तिसावा असलेला सिनेमा दहा वर्षांत पहिला झाला, तो मतदार बदलले म्हणून. मासिकाने या वेळी १,६३९ जणांची मतं घेतली, जवळजवळ दुप्पट. वर्तमानपत्री समीक्षकांबरोबर महोत्सवांचे निवडकर्ते, संग्रहालयांतली माणसं, प्राध्यापक आधीपेक्षा जास्त घेतले, आणि अधिक देशांतले लोकही. २०१२ च्या पहिल्या शंभरात बायकांनी दिग्दर्शित केलेले दोन सिनेमे होते, २०२२ मध्ये ते दहाच्या वर गेले. पण मग आधीच्या ६३ जणांच्या निवडीत राजकारण नव्हतं का? बहुतेक युरोप-अमेरिकेत राहणारे, बहुतेक पुरुष, एकमेकांचं वाचणारे. ती यादी नैसर्गिक आणि ही राजकीय, असं म्हणायला मी तयार नाही. मतदार कोण, हा प्रश्न सत्तर वर्षं तिथेच होता, तो आता दिसायला लागला एवढंच. शिवाय 'जान डिलमान' अमेरिकेत थिएटरात आला १९८३ मध्ये आणि चांगल्या प्रतीची डीव्हीडी आली २००९ मध्ये. प्रिंटचं गणित इथेही आहे.

आणि सिनेमा? दादाने तो पाहिलाय का, हे तुझ्या लिहिण्यावरून कळत नाही. बटाट्यांवरून बोलणाऱ्या दहांतल्या आठ जणांनी पाहिलेला नसतो.

आम्ही तो राजारामपुरीतल्या एका लहान सभागृहात दाखवला. चाळीसेक माणसं होती, पहिल्या तासात दहा-बारा उठून गेली. जाणाऱ्याला मी कधी अडवत नाही. सिनेमा असा: एक विधवा, शाळकरी मुलगा, एक नीटनेटकं घर. तीन दिवस. ती खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा मालवते. दुपारी एक गिऱ्हाईक येतं, तो देऊन जातो ते पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या भांड्यात टाकते आणि झाकण ठेवते. बाबेट मांगोल्टचा कॅमेरा हलत नाही, जवळ जात नाही, एका उंचीवर उभा राहून बघतो. देल्फिन सेरिग ही त्या काळातली मोठी नटी, आणि ती भांडी घासते तेव्हा आपल्याला तिची पाठ दिसते. आकेरमानचं वय तेव्हा जेमतेम पंचवीस.

पहिला दिवस आपण रटाळ म्हणून बघतो. खरं तर तेव्हा आपल्याला तिच्या घराची रीत पाठ होत असते. दुसऱ्या दिवशी काहीतरी बिनसतं, आणि दिग्दर्शिका ते सांगत नाही. माझ्यापुढच्या रांगेत एक सत्तरीच्या मावशी नातीबरोबर आल्या होत्या. फ्रेंच नाही, इंग्रजी सबटायटल्स वाचता येत नाहीत. गिऱ्हाईक गेलं, जानने पैसे भांड्यात टाकले. मावशी नातीला हळूच म्हणाल्या, "झाकाण घातलं न्हाई बघ तिनं." सभागृहात शिबिर केलेली मुलं होती, मीही तो सिनेमा दोनदा पाहिलेला होता, पण त्या क्षणी आमच्यातल्या कुणाच्या तोंडून ते आलं नाही. थोड्या वेळाने बटाटे जास्त शिजून गाळ होतात. जान पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघरातून न्हाणीत जाते, परत येते, कुठे टाकावं तिला सुचत नाही. पडद्यावर एक बाई पातेलं धरून उभी आहे आणि सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल. मावशी म्हणाल्या, "आता हिची काय धडगत न्हाई." पुढे तिसऱ्या दिवशी जे घडतं ते मी सांगणार नाही, पण त्यांना ते तासभर आधी कळलं होतं.

हा सिनेमा जगात पहिला आहे का? माझ्या दहांत तो आहे. पहिला कोण, हे मी कधीच ठरवलेलं नाही आणि त्या मासिकानेही मतदारांना ते विचारलेलं नाही. पण घरकामाला जो वेळ लागतो तो पडद्यावर पूर्ण देणं, आणि त्या वेळेतूनच धसका उभा करणं, हे तिच्यासारखं कुणी केलं नव्हतं. मावशींना पटलं ते मला पटायला दोन वेळा पाहावं लागलं.

मावशींबरोबर बाहेर चहा घेताना त्या म्हणाल्या, आमच्या जिजाईसारखीच की ही. मला आधी कळेना, मग लक्षात आलं, 'संत तुकाराम'मधली जिजाई. आणि इथे आपण मराठीच्या प्रश्नावर येतो.

१९३६ चा 'संत तुकाराम' प्रभातने पुण्यात केला, पण दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल ही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेली माणसं. प्रभात कंपनी १९२९ मध्ये इथेच स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात 'संत तुकाराम' गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम भक्तीत बुडालेला, आणि गौरीची जिजाई घरात काय शिजवायचं या विवंचनेत. पोर तापाने फणफणलंय, नवरा भजनात. जिजाई पायातली वहाण हातात घेते आणि तडक विठोबाच्या देवळात जाऊन देवालाच जाब विचारते. ही संतपटात घातलेली गंमत नाही. संतपण कुणाच्या कष्टांवर उभं आहे, हे दामले-फत्तेलालांनी १९३६ मध्ये कुठलाही आव न आणता दाखवलं. 'जान डिलमान'च्या आधी एकोणचाळीस वर्षं. माझ्या दहांत हे दोन सिनेमे शेजारी शेजारी आहेत आणि त्याचं श्रेय त्या मावशींना.

मग जगाच्या यादीत तो का नाही? जगाचं सोड. आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेच्या भारतीय शाखेने २०२२ मध्ये आपल्या तीस सदस्यांकडून भारतीय सिनेमांची यादी केली. पहिला 'पथेर पांचाली', दुसरा 'मेघे ढाका तारा', दहावा 'शोले'. बंगाली, हिंदी, मल्याळम, कन्नड आहे, पहिल्या दहांत मराठी नाही. तीस जणांतल्या किती जणांनी 'संत तुकाराम' मोठ्या पडद्यावर चांगल्या प्रतीत पाहिला असेल? अभंगांची सबटायटल्स कशी होती? मला राग त्या तीस जणांचा येत नाही. आपण आपला सिनेमा त्यांच्यापर्यंत पोचवला नाही, याचा येतो.

'पथेर पांचाली'कडे बघ. १९९३ मध्ये लंडनच्या एका फिल्म-प्रयोगशाळेला आग लागली, अपू-त्रयीच्या, म्हणजे 'पथेर पांचाली' आणि त्याच्या पुढच्या दोन भागांच्या निगेटिव्ह होरपळल्या. त्या जळक्या निगेटिव्ह कुणी टाकून दिल्या नाहीत. वीसेक वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत हातांनी त्यांचे तुकडे जुळवले, नव्या प्रती २०१५ मध्ये जगभर फिरल्या. २०२२ च्या ३५ व्या क्रमांकामागे राय यांची प्रतिभा आहेच, पण त्या टेबलाशी बसून फिल्मच्या कडा दुरुस्त करणारे हातही आहेत.

आणि आपल्याकडे? कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून तू रोज जात असशील. आनंदराव आणि बाबूराव या दोघा पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला आणि त्यावर १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. १९२५ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' केला. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात गिरणीत जातो, आणि त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. ज्यांनी तो पाहिला त्यांनी भारतातल्या वास्तववादी सिनेमाची सुरुवात तिथून धरली. 'बायसिकल थीव्ह्ज'च्या तेवीस वर्षं आधी, 'पथेर पांचाली'च्या तीस वर्षं आधी, याच गावात. त्या मूकपटाची प्रिंट उरलेली नाही. १,६३९ मतदारांपैकी एकालाही, आणि आपल्यापैकीही कुणाला, त्याला मत देता येत नाही, कारण पाहताच येत नाही.

भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यांतले तिसाच्या आसपास उरले आहेत, त्यांतही काही तुकड्यांत. नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, दमटपणाने चिकट व्हायची, चांदी काढून घ्यायला भंगारात विकली जायची. भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओ १९४८ मध्ये जाळला गेला. पुण्याच्या संग्रहालयातल्या नायट्रेट फिल्मही जानेवारी २००३ च्या आगीत गेल्या. यादीत मराठी का नाही याचं मोठं उत्तर या राखेत आहे. बाकीचं उत्तर आपल्या आळसात: साठ-सत्तरच्या दशकांतले जे सिनेमे शाबूत आहेत, त्यांच्यावर दुसऱ्या भाषेतल्या माणसाला वाचता येईल असं किती लिहिलं आपण?

तेव्हा यादी मान, पण क्रम पुसून. त्या मासिकाने एकेका मतदाराचे दहा-दहा सिनेमे स्वतंत्र दिले आहेत, ते वाच. बेरजेत न दिसणारं सोनं तिथे आहे. ज्याने एकट्याने एखाद्या सिनेमाला मत दिलंय, त्याने ते का दिलं असेल याचा माग काढ. मला उत्तम वाटणारे कितीतरी सिनेमे असेच एका मतावरून सापडले.

आणि दादाशी भांडण मिटवू नकोस, नीट चालव. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर दहा-दहा सिनेमे लिहा, क्रम न घालता, आणि प्रत्येकापुढे तो कुठे, कसा पाहिला हेही लिहा: थिएटरात, टीव्हीवर, मोबाईलवर, अर्धा. आईला आणि आजीलाही एकेक कागद द्या. मग 'संत तुकाराम' आणि 'जान डिलमान' एकाच आठवड्यात पाहा, मोबाईलवर नको. 'जान डिलमान' एका बैठकीत जमला नाही तर पहिला दिवस संपल्याची पाटी येते तिथे थांबा, चहा करा. दुसऱ्या दिवसात मात्र मध्ये उठू नका, बटाट्यांचं पातेलं तिच्या हातात आहे तोवर तर मुळीच नाही. आणि आजी शेजारी असेल तर ती हळू आवाजात काय म्हणते तिकडे कान ठेव.